बारा चित्रांत एकही माणूस नाही

पेण
१४ जून १९९६

तीर्थस्वरूप सौ. ताईस,
दत्तूचा कृ. सा. न. वि. वि.

वर्ष संपलं. काल शाळेत पुन्हा रुजू झालो. हेडमास्तरांनी भर स्टाफरूममध्ये विचारलं की, काय ड्रॉइंग मास्तर, वर्षभर बिनपगारी रजा घेतलीत, काय काय केलंत? मी म्हटलं, बारा चित्रं. ते म्हणाले, फक्त? ताई, हा माणूस गेली नऊ वर्षं एकच भाषण दर पंधरा ऑगस्टला वाचतो आणि मला 'फक्त' म्हणतो. आठवी ब मध्ये गेलो आणि पंचेचाळीस पोरांना फुलदाणी काढायला लावली. सगळी वाकडी निघाली. तेवढंच समाधान.

वर्ष कसं गेलं ते एकदा नीट लिही, असं तू म्हणाली होतीस. सांगतो. धरमतरच्या अलीकडे मोठा बांध आहे. खाडीचं पाणी अडवून आतल्या बाजूला भाताची खाचरं आणि त्यापलीकडे मिठागरं. त्या बांधावर एक जागा धरली आणि बारा महिने तिथूनच चित्र काढलं. महिन्याला एक. जूनची काळी ढेकळं, जुलैचा पोपटी, ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेच्या उधाणाने बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत घुसलं तेव्हाचा तो मातकट, संतापलेला करडा. नोव्हेंबरात कापलेल्या भाताचे खुंट. फेब्रुवारीनंतर मिठाची शेतं. पाणी आटत जातं तसतसा आभाळाचा रंग खाली बसत जातो आणि शेवटी पांढरा होतो. हा पांढरा मला मे महिन्यापर्यंत सापडत नव्हता. सापडला त्या दिवशी मी बांधावर एकटाच ओरडलो.

एकटा म्हणजे अगदी एकटा नव्हे. माझ्या पाठीमागेच सगुणा नावाच्या बाईचं खोपटं आहे. ती आणि तिचा नवरा कान्हू पावसाळ्यात शेती करतात आणि उन्हाळ्यात मीठ. वर्षभर पाणी तिच्याच घरचं प्यालो, वाऱ्यात कॅनव्हास उडू लागला की कान्हू येऊन धरायचा. चांगली माणसं. पण चित्रात एकही माणूस नाही, आणि हे मुद्दाम. माणूस आला की बघणाऱ्याची नजर त्याच्या टोपीला चिकटते आणि मागचं आभाळ फुकट जातं. ज्याला दाखवावं तो म्हणतो, मास्तर, इथे एखादी होडी टाका, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण टाका. मी काय कॅलेंडर काढतोय? बारा महिने मी खालमानेने ही होडी ऐकली आहे. यापुढे जो होडी म्हणेल त्याला खाडीत ढकलणार.

भाऊजींनी कंपनीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं म्हटलं आहे आणि एक पुस्तिकाही छापणार म्हणतात. त्यांनी पाठवलेल्या कागदावर सही करून दिली. वाचला नाही. इंग्रजी होता आणि मी रागात होतो.

लोभ आहे तेवढा राहू दे. जास्त झाला तर मला सवय नाही.

तुझा
दत्तू


वरसे, रोहा
२६ जून १९९६

चि. दत्तूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं रागीट पत्र पावलं. घरात फोन लागला आहे तरी मी पत्रच लिहिते, कारण फोनवर तू हूं हूं करून सटकतोस. कागदावरून सटकता येत नाही.

प्रदर्शन झकास झालं. तू आला नाहीस ते बरं केलंस, नाही तर दोन-तीन खून झाले असते. एका साहेबांच्या बायकोने विचारलं की हे काश्मीर का. दुसरीने मे महिन्याच्या चित्रासमोर उभं राहून सांगितलं की हे आमच्या जेवणाच्या टेबलामागे शोभेल, फक्त थोडं निळं हवं होतं. होडीबद्दल चौघांनी विचारलं. मी चौघांनाही गोड हसून चहा दिला.

माझं स्वतःचं म्हणशील तर मी ऑगस्टच्या चित्रासमोर फार वेळ उभी होते. ते पाणी आत येताना दिसतं आणि मी दोन पावलं मागे सरले. पण खरं सांगू? घरी आल्यावर एक गोष्ट टोचत राहिली. वर्षभर एका बाईच्या घरचं पाणी प्यालास आणि तिची सावलीसुद्धा बांधावर पडू दिली नाहीस! मला चित्रकलेतलं कळत नाही म्हणून विषय सोडते.

हे भलतेच खूश आहेत. कंपनीने यांना कसल्याशा नव्या जेटीच्या कामावर घेतलं आहे. ते नीट पार पडलं तर दिवाळीपर्यंत मॅनेजर. निवृत्तीला चार वर्षं राहिली, आता नाही तर कधीच नाही, म्हणून रात्रंदिवस फायली. पुस्तिकेसाठी तुझ्याबद्दल चार ओळी लिहून दे म्हणाले, मी लिहिल्या. दहावीला मराठीत पहिली आले होते ते उगाच नाही. छापून आलं की वाच. वाचून तू दोन दिवस तरी कुणावर ओरडणार नाहीस.

जेवत जा. ब्रह्मचारी असणं आणि उपाशी असणं यांत फरक आहे.

तुझ्यावर सदैव ओरडण्याचा हक्क असलेली
ताई


पेण
२९ जुलै १९९६

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पुस्तिका वाचली. दोन दिवस ओरडलो नाही, हे खरं. ओरडायचं ते या पत्रासाठी राखून ठेवलं.

ती मला तुझ्याकडून मिळाली नाही, भाऊजींकडूनही नाही. सगुणाने आणून दिली. परवा बाजारचा दिवस होता. आमच्या आळीत सध्या दारोदार गणपती वाळत घातलेले आहेत, पाय ठेवायला जागा नाही. त्या पांढऱ्या गणपतींमधून वाट काढत ती आली, ओट्यावर बसली, पिशवीतून पुस्तिका काढली आणि म्हणाली की, मास्तर, यातली चित्रं तुमची ना, मग मला वाचून दावा. त्यांच्या पाड्यावर नोटिसा लागल्या आहेत. कंपनीला तिथे जेटी आणि कोळशाचं आवार हवं आहे. बांध, खाचरं, मिठागरं, सगळं. नोटिशीसोबत कंपनीने जो कागदांचा गठ्ठा सरकारात दिला आहे त्यात ही पुस्तिका लावली आहे.

आता वाच, तुझंच आहे. 'स्थानिक चित्रकाराने वर्षभर, दर महिन्याला, एकाच जागी बसून ही भूमी न्याहाळली. बारा महिन्यांत तिथे माणसाचा मागमूस नाही. आहे ती केवळ भूमी, जल आणि आकाश.' न्याहाळली हा शब्द अख्ख्या रायगड जिल्ह्यात तुझ्याशिवाय कुणी वापरत नाही, त्यामुळे लेखिका कोण हे मला लगेच कळलं. त्याच्या खाली मात्र कंपनीची ओळ आहे : 'प्रस्तावित जागा पडीक, निर्मनुष्य व बिनवापराची आहे.' पुरावा म्हणून माझी बारा चित्रं. रंगीत. छपाई उत्तम.

सगुणाने मला एकेक पान उलटायला लावलं. माझं खोपटं कुठं हाय म्हणाली. मी म्हटलं, ते माझ्या पाठीमागे होतं, म्हणून आलं नाही. ती म्हणाली, बरं, मग मिठागरान मी आन माजी सासू रोज फावडं मारत होतो, त्या तं तुमच्या म्होरं होतो. मी म्हटलं, चित्रात तसं घेत नाहीत. मग तिने ऑगस्टचं पान काढलं. त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली की, खांड पडली तवा दोन दीस सगला पाडा चिखलान उभा होता, तुमी बांधावर छत्री घेऊन. तवाबी दिसलो नाय व्हय?

ताई, मी नुसतं ते पान मिटलं. ती रागावून ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पुस्तिका पुन्हा नीट पिशवीत ठेवली, माझ्याकडे पाणी मागितलं नाही, आणि गेली.

भाऊजींना सांग, ती पुस्तिका त्या गठ्ठ्यातून काढून घ्या. माझी चित्रं परत पाठवा. आणि तुझ्या त्या चार ओळी! तू मला एकदा दाखवायच्या तरी. तुमच्या घरात माझ्या वर्षाचं काय केलंत तुम्ही?

लोभाचं पुढे बघू.

दत्तू


रोहा
५ ऑगस्ट १९९६

श्री. दत्तात्रेय यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र सौ.ने मला वाचावयास दिले. त्यातील भाषा मी विसरून जाण्याचे ठरविले आहे.

वस्तुस्थिती अशी की, आपण दि. ३१ मे रोजी सही केलेल्या संमतिपत्रान्वये चित्रांच्या छपाईचे व वापराचे हक्क कंपनीस प्राप्त झाले आहेत. पुस्तिका आता शासकीय कागदपत्रांचा भाग असून ती मागे घेणे माझ्या अधिकारात नाही. शिवाय पुस्तिकेत एकही चित्र बदललेले नाही, एक रेष कमी-जास्त केलेली नाही. आपण जे दाखविले तेच छापले आहे. यात कंपनीचा दोष कोणता, हे मला शांत डोक्याने समजावून द्यावे.

दि. १० सप्टेंबरला हरकतींची सुनावणी पेणला आहे. आपण तेथे जाऊ नये असा माझा वडीलकीचा सल्ला आहे. आपल्या शाळेच्या नव्या हॉलचे पंखे व बाके कंपनीने दिलेली आहेत, हे आपल्या हेडमास्तरांना ठाऊक आहे, आपणांसही असावे. जेटीमुळे त्याच पाड्यावरील मुलांना शिफ्टमध्ये काम मिळेल. चिखलात उभे राहण्यापेक्षा ते वाईट नाही.

मी अठ्ठावीस वर्षे या कंपनीत कारकुनापासून वर आलो. माझ्याविरुद्ध उभे राहणारा माझाच मेहुणा असावा, ही गोष्ट मला कुठे सांगताही येणार नाही. एवढे लक्षात घ्यावे.

कळावे. लोभ आपल्या वागण्यावर अवलंबून.

आपला
कमळाकर


रोहा
११ ऑगस्ट १९९६

चि. दत्तूस,
आशीर्वाद. राग आला तरी ते द्यावेच लागतात.

यांनी तुला काय लिहिलं ते मी वाचलं नाही, पण लिहिताना पेनाचं निब मोडलं, त्यावरून अंदाज आला.

आधी माझं. त्या ओळी मी प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी लिहिल्या. माझ्या भावाने वर्ष घालवून काय केलं ते लोकांना कळावं म्हणून. त्या उचलून कुठल्या गठ्ठ्यात घालणार आहेत, हे मला कुणी सांगितलं नाही. कळलं त्या दिवशी मी या घरात स्वयंपाक केला नाही. हे म्हणाले, तू लिहिलंस त्यात खोटं काय आहे? मी उठून आत गेले. कारण मी लिहिलं ते तुझी चित्रं बघूनच लिहिलं ना! त्यांत कुणी नव्हतं. म्हणून मी लिहिलं की कुणी नाही.

तर आता तुझं. माझ्या घरात तुझ्या वर्षाचं काय केलं, असं विचारतोस? तू काय केलंस, ते आधी सांग. दोन दिवस माणसं कमरेएवढ्या पाण्यात चिखलाची ढेकळं हातोहात देत होती आणि तू छत्रीखाली बसून त्यांच्या मागचं आभाळ पाहत होतास! यांना दिसली ती पडीक जमीन. तुला दिसला तो करडा रंग. यांना निदान मॅनेजर व्हायचं होतं.

लहानपणी आईने तुला अंगणातल्या कामाला लावलं की तू जास्वंदीचं चित्र काढत बसायचास आणि झाडून मी काढायचे. त्या चित्रांतही मी नव्हते. तेव्हा मला वाटायचं, मी दिसायला बरी नाही म्हणून असेल.

पत्र फाडू नकोस. फाडलंस तरी मला काय कळणार म्हणा.

ताई


पेण
३० ऑगस्ट १९९६

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

पत्र फाडलं. मग चिकटवलं.

काल पाड्यावर गेलो. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, बांध यंदा टिकला आहे, लावणी हिरवीगार. सगुणाने बस म्हटलं नाही, पण ऊठही म्हटलं नाही. मी माझी युक्ती सांगितली की, बारा चित्रं पुन्हा काढतो, या वेळी माणसांसकट. दहा दिवस रात्रंदिवस बसलो तर चारेक तरी होतील. ती सुनावणीत दाखवू.

कान्हू इतका हसला की त्याची विडी पडली. तो म्हणाला की, मास्तर, नोटीस आल्यावर मानसं घातली असं वकील बोलंल का नाय? आदी नव्हती, मंग कुठनं आली, बाजारातनं आनली? त्याची आई पुतळी खोपटाच्या दारात बसली होती. ती सुनेला म्हणाली की, गो सगुणे, मास्तरला सांग, आमाला रंग नको, जे डोल्यांनी बगितलं ते तोंडानं बोल म्हनावं. आणि मग मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली की वरीसभर आमचं पानी प्याला, बोलायचं काय पैसं पडतात का.

त्यांना मी सुनावणीत बोलायला हवा आहे. त्यांच्या चाळीसेक खातेदारांनी हरकती दिल्या आहेत, पण त्यांचं म्हणणं कुणी ऐकणार नाही याची त्यांना खात्री आहे. कंपनीचा वकील ऐकवील की हे तर पैशांसाठी बोलणारच, आणि चित्रं दाखवील. त्या चित्रांना खोटं पाडू शकेल असा एकच माणूस आहे. तो मी.

हेडमास्तरांनी परवा मला नवा पंखा लावून दाखवला. नुसता पंखा लावला. एवढं हुशारीचं काम त्यांनी आजवर केलं नव्हतं.

ताई, मला नोकरीची भीती वाटते, हे खोटं नाही. पण खरं कारण तुला सांगतो, म्हणजे तू मला आणखी शिव्या देशील. ती चित्रं चांगली आहेत. बत्तीस वर्षांत मी धड काही केलं असेल तर ती बारा. भर कचेरीत उभं राहून ती खोटी आहेत असं सांगायचं? माझ्याजवळ दुसरं काही नाही गं.

भाऊजींची बढती मला ठाऊक आहे. तू जाऊ नकोस म्हणालीस तर जाणार नाही. नीट विचार करून एका ओळीत लिही.

तुझा
दत्तू


रोहा
५ सप्टेंबर १९९६

चि. दत्तू,

जाऊ नकोस, हे माझ्याकडून लिहून घेऊन तुला स्वतःला मोकळं करायचं आहे. ते मी लिहिणार नाही. जा, हेही लिहिणार नाही. यांच्यासमोर रोज मी बसते, तू नाही.

माझं मी काय करायचं ते ठरवलं आहे. विचारू नकोस.

धुतलेला शर्ट घाल.

ताई


पेण
१२ सप्टेंबर १९९६

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तू मला विचारू नकोस म्हणालीस, म्हणून मी विचारलं नाही. पण निदान एवढं सांगायचंस की सुनावणी घेणाऱ्या साहेबांसमोर तुझं रजिस्टर पत्र असणार आहे. मी सगळ्यांदेखत खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. लोकांना वाटलं मास्तरला चक्कर आली.

क्रमाने सांगतो. कचेरीचा हॉल खच्चून भरलेला. पाड्यावरचे सगळे, बायका पुढे बसलेल्या. कंपनीच्या वकिलांनी माझी बारा चित्रं फ्रेम करून आणली होती आणि भिंतीला ओळीने टेकवली होती. ताई, इतक्या चांगल्या उजेडात ती मी स्वतःही पाहिली नव्हती. भाऊजी खिडकीशी बसले होते. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

वकिलांनी पुस्तिका वाचली. साहेब तरुण आहेत, पण पुरते वैतागलेले. त्यांनी म्हटलं की या मजकुराबाबत एक टपाल आलं आहे, आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. 'सदर मजकूर मी लिहिला आहे. मी ती जागा कधीही पाहिलेली नाही. माझ्या भावाची चित्रे पाहून, भावाच्या कौतुकापोटी लिहिला. तो पुरावा म्हणून वापरू नये. सौ. मालती कमळाकर कर्णिक, कंपनीच्या अधिकाऱ्याची पत्नी.' हे शेवटचे तीन शब्द साहेबांनी दोनदा वाचले. भाऊजींनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

वकील म्हणाले, मजकूर राहू द्या, चित्रं तर बोलतात. मग मला उभं केलं. चित्रं तुमची? माझी. त्या जागी बसून काढलीत? हो. जे समोर होतं तेच काढलंत? मी म्हटलं, नाही.

मग काय झालं मला माहीत नाही, मी चालत चित्रांपाशी गेलो. जूनच्या चित्रापासून सुरुवात केली. या इथे कान्हू नांगर धरून होता. या बांधावर त्याची आई पुतळी बी घेऊन बसली होती. जुलैत या पोपटी पट्ट्यात लावणीला सतरा बाया होत्या, मी मोजल्या होत्या, कारण त्या हलत होत्या आणि मला त्रास होत होता. माझ्या मागून एक बाई म्हणाली की सतरा नाय मास्तर, अठरा, रघूची बायको पल्याड होती. साहेबांनी शांतता राखा म्हटलं आणि अठरा लिहून घेतलं. फेब्रुवारीत इथे मिठाची रास होती आणि राशीवर धोंडुबाई गवत टाकत होती. मी म्हटलं, तिच्या सुनेने पाट्या वाहिल्या. लगेच मागून दुसऱ्या एका बाईने चूक दुरुस्त केली की ती तवा बालंतपनाला गेलती, पाट्या मी वाहिल्या. म्हाताऱ्या धोंडुबाईला आधीच राग आला होता की फेब्रुवारीपर्यंत मी तिचं नाव घेतलं नाही, ती म्हणाली की पाट्याबी मीच वाहिल्या. दोघी भांडायला लागल्या. ताई, माझ्या चित्रात कोण उभं होतं यावरून माणसं भांडत होती आणि साहेब लिहीत होते.

ऑगस्टपाशी मी ठरवून शेवटी आलो. खांडीत त्रेपन्न माणसं होती. नावं घ्यायला लागलो. तीस-बत्तीस घेतली आणि पुढची येईनात. मला ती येतच नव्हती, कारण मी त्यांना कधी विचारलीच नव्हती. मी थांबलो. सगुणा उठली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि उरलेली एकेक करून सांगितली. माझ्याकडे न बघता.

वकिलांनी विचारलं की म्हणजे तुम्ही वर्षभर खोटी चित्रं काढलीत? मला इतका संताप आला की त्याच्या टायला धरावंसं वाटलं. आणि तो बरोबर विचारत होता. मी म्हटलं, हो, लिहून घ्या. साहेबांनी लिहून घेतलं : 'चित्रकाराचे स्वतःचे म्हणणे की सदर चित्रे त्या जागेची खरी स्थिती दर्शवीत नाहीत.' खाली माझी सही. या वेळी वाचून केली. साहेब स्वतः जागा पाहायला ऑक्टोबरात येणार आहेत.

बाहेर कान्हूने विडी पुढे केली. सगुणा म्हणाली की, यंदा येऊन बसलात तं हातान फावडा देईन. आभार वगैरे कुणी मानले नाहीत. का मानावेत?

हेडमास्तरांनी काल बोलावलं. डिसेंबरात मला महाडच्या शाखेत पाठवतायत. तिथल्या फुलदाण्याही वाकड्याच असतील.

तुझं काय झालं ते लिही. मी रागावलेलो नाही. म्हणजे आहे, पण तुझ्यावर नाही.

तुझा
दत्तू


वरसे, रोहा
२४ ऑक्टोबर १९९६

चि. दत्तूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. साहेबांनी बांधावर चालून पाहिलं, भात उभं होतं, माणसं होती, आणि जागा वापरात आहे असं लिहून प्रस्ताव परत पाठवला, हे वाचून मी देवाला साखर ठेवली. कंपनी पुन्हा नव्याने कागद करणार, हेही यांच्या फायलींच्या आवाजावरून कळतंच आहे. त्या बाईला म्हणावं, सातबारे नीट सांभाळून ठेव.

इकडचं. मॅनेजर दुसराच झाला. यांच्याहून सहा वर्षांनी लहान. यांना स्टोअर्समध्ये बसवलं आहे. दीड महिना हे माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात आणि मीही तेवढंच उत्तर देते. अधिकाऱ्याची पत्नी असं कशाला लिहिलंस, एवढंच एकदा विचारलं. मी म्हटलं, खोटं लिहिण्याचा कंटाळा आला होता. मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. अठ्ठावीस वर्षं हा माणूस डबा घेऊन पहाटेच्या शिफ्टलाही गेला आहे. त्याचं वाईट आणि त्याचा राग, दोन्ही एकाच पोटात घेऊन मी पोळ्या लाटते.

कंपनीने तुझी बारा चित्रं गेल्या महिन्यातच टेंपोने आमच्या दारात आणून टाकली. सोबत चिठ्ठी, आता उपयोग नाही म्हणून. भाऊबीजेला ये आणि घेऊन जा. तू येणार म्हटल्यावर हे म्हणाले की मी त्या दिवशी कोलाडला जाऊन हॉटेलात जेवेन. मी म्हटलं, जरूर जा, मिसळ चांगली मिळते. तरी तू ये. पाट मी मांडणारच आहे.

अकराच चित्रं मिळतील. ऑगस्टचं मी ठेवून घेतलं आहे. सुनावणीत तू ते खोटं आहे असं सांगितलंस आणि बरोबर केलंस. पण दत्तू, ते चांगलं आहे. त्रेपन्न माणसं गाळून तुला इतकं चांगलं चित्र काढता आलं, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. बैठकीत टेबलावर उभं केलं आहे. सकाळी हे ऑफिसला निघताना त्याचं तोंड भिंतीकडे करून जातात. हे गेले की मी फिरवते. संध्याकाळी हे पुन्हा भिंतीकडे, रात्री मी पुन्हा सरळ. महिनाभर हेच चाललं आहे.

काल मी स्वयंपाकघरातून पाहत होते. पायांत बूट, हातात डबा, हे त्याच्यासमोर उभे होते. बराच वेळ. इतका की मला वाटलं, आज काही तरी बोलतील.

मग फिरवलंच.

तुझी
ताई